धामणखेडचं चौथं लेकरू

१

एकोणीसशे सदुसष्टच्या संक्रांतीनंतरची गोष्ट. बार्शीटाकळीच्या पोलीस ठाण्यासमोर सकाळीच दोन बैलगाड्या येऊन थांबल्या. पहिल्या गाडीतून तीन बाया उतरल्या, तिघींच्या कडेवर एकेक लेकरू. दुसऱ्या गाडीत एक म्हातारी एकटीच बसली होती. गाडीच्या दोन्ही बाजूंनी माणसं चालत आली होती, पण तिच्यापासून अंतर राखून.

फौजदार शेषराव इंगळे तेव्हा न्याहारीला बसले होते. खाण्यावर त्यांचा फार जीव. साक्षीदाराला ते पहिला प्रश्न विचारत तो ‘काय जेवलास’ हा, आणि त्या उत्तरावरून माणसाची निम्मी कुंडली आपल्याला कळते असं त्यांचं म्हणणं होतं. पुढ्यातली भाकर तशीच ठेवून ते बाहेर आले, कारण त्या तीन लेकरांकडे त्यांचं लक्ष गेलं होतं.

लेकरं वर्षाच्या आतबाहेरची होती. दिसायला गोरीगोमटी, पण एकालाही मान धरता येत नव्हती. मुठी आवळलेल्या, पाय काठीसारखे ताठ. कुणी टाळी वाजवली तरी नजर तिकडे वळत नव्हती.

गाडीबरोबर आलेला किसनराव हा धामणखेडचा शेतकरी. तिघांतली इंदू त्याची मुलगी. त्यानं म्हातारीकडे बोट दाखवून सांगितलं, “ही भागीरथा सुईण. आमच्या लेकराइचे डोकशे हिनं जन्मतानाच दाबले. हिच्या वस्तीतले पोट्टे पाहा, कसे तुरतुर पळून राहिले. आमचेच काहून असे झाले?”

प्रश्न बिनतोड होता. भागीरथा छप्पन सालात दीक्षा घेतलेल्या बौद्ध वस्तीतली. गावातली सगळी बाळंतपणं तीच करी, आपल्या वस्तीतली आणि कुणब्यांचीही. आदल्या वर्षी वस्तीत जन्मलेली सगळी मुलं धडधाकट होती. गावात जन्मली ती तीनच, आणि तिन्ही अशी निघाली. गावानं सरळ हिशेब केला, की म्हातारीनं डाव साधला.

शेषरावांनी तिला विचारलं. ती शांतपणे म्हणाली, “सायब, माह्या हातानं गाव जन्मलं. दाबायचंच असतं तर याले बी मीच काढला होता.” आणि तिनं किसनरावाकडे पाहिलं. किसनरावानं मान खाली घातली, पण मागं हटला नाही. तो हळूच पुटपुटला, की फौजदार बी त्याइच्यातलेच, न्याय काय भेटणार.

ते शेषरावांच्या कानावर गेलं. तेही दीक्षा घेतलेल्या घरातले होते, आणि असं बोलणं त्यांनी नोकरीत पुष्कळदा ऐकलं होतं. रागावले नाहीत. चौकशी होईपर्यंत म्हातारी इथं बार्शीटाकळीला, फौजदारांच्याच घरी राहील, असं त्यांनी जाहीर केलं. त्यांना एक मात्र कळून चुकलं होतं. नुसतं ‘पुरावा नाही’ म्हणून तिला सोडलं, तर गाव तिला जन्मभर डाकीण म्हणेल. तिला खरोखर सोडवायचं, तर खरा गुन्हेगार उभा करावा लागणार होता.

२

दुसऱ्या दिवशी शेषराव धामणखेडला गेले आणि घरोघरी बसून लोकांच्या जेवणाखाण्याच्या गप्पा मारू लागले. गावाला ही चौकशी जरा गमतीचीच वाटली.

पासष्ट साली पाऊस दगा देऊन गेला होता. तेव्हापासून गावात रेशनची लाल ज्वारी यायची, परदेशातून आलेली. तिच्या भाकरीला ना चव ना चिकटपणा. बऱ्याच जणांचा संशय त्या लाल ज्वारीवर होता. पण ती तर सगळेच खात होते, बौद्ध वस्तीसुद्धा. शेषरावांनी ज्वारीचा विचार बाजूला ठेवला.

गावातलं मोठं घर खुशालरावांचं. काळी जमीन, दोन विहिरी, सुधारलेल्या शेतीचा हौशी माणूस. नवं बियाणं, नवं खत, जे काही सरकारी गोदामात येईल ते आधी यांच्या शेतात. त्यांनी फौजदारांना सोप्यात बसवून संकरित ज्वारीपासून मेक्सिकोच्या गव्हापर्यंत सगळं ऐकवलं. त्यांची बायको पार्वताबाई हसतमुख आणि हाताची सढळ. त्यांचा कारभारी गोवर्धन दाराशी उभा राहून प्रत्येक वाक्याला ‘व्हय जी’ म्हणत होता. खुशालरावांचा नातू अंगणात रांगत होता, गुबगुबीत. सून बाळंतपणाला नव्हे तर दिवस राहिले तेव्हाच माहेरी नांदगाव खंडेश्वरला गेली होती, तिला इथलं पाणी मानवत नव्हतं म्हणून. गावानं यावरूनही भागीरथेचाच गुन्हा सिद्ध केला होता. तिचे हात लागले नाहीत ते मूल वाचलं.

मग गावचा वैद्य जानराव. पांढऱ्या मिशा, कपाळाला गंधाचा टिळा. गावातल्या प्रत्येक पोटुशीला तो शक्तीची पुडी देई. लेकरांबद्दल त्यालाही वाईट वाटत होतं, पण पुडीत काय असतं हे विचारल्यावर त्यानं डोळे मिटून घेतले आणि गुरूची आण आहे असं सांगितलं.

संध्याकाळी शेषराव घरी परतले. भागीरथेनं तोवर त्यांच्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला होता, आणि फौजदारीणबाई भाजीत मीठ कमी टाकतात हेही त्यांना सांगून झालं होतं. जेवता जेवता शेषरावांनी तिला गेल्या वर्षाची बाळंतपणं आठवायला सांगितली. ती बोटांवर नावं घेत गेली आणि एका नावाशी अडली.

“शालू राहिली,” ती म्हणाली. “तिले मी हात बी नाई लावला. सातव्यातच माहेरी गेली, हिवरखेडले. तिचं बाळंतपण तिकडंच झालं.”

शालूच्या सासरी शेषराव त्या दिवशीच जाऊन आले होते. सासूनं सांगितलं होतं, की सून माहेरी आहे, लेकरू मजेत आहे. पण मूल मजेत असताना सून वर्षभर माहेरी कशाला राहील, हे काही त्यांना उलगडेना. घास तोंडापाशी तसाच थांबला.

३

अकोट मागे टाकून एस.टी. हिवरखेडला पोचली तेव्हा दुपार झाली होती. गाव मोठं, बाजार भरलेला. शेषराव साध्या कपड्यांत होते. शालूचं माहेर सापडायला वेळ लागला नाही. पण त्या घरातली माणसं पाहुण्याला अंगणातच बोलून वाटेला लावू पाहत होती.

तेवढ्यात आतून शालूच बाहेर आली. विशीतली पोर, डोळ्यांखाली काळं. तिच्या खांद्यावर एक मुलगा होता, आणि त्याची मान तिच्या दंडावर लोंबत होती.

शेषरावांना काही विचारावं लागलं नाही. तीच लोंबती मान, तेच काठीसारखे पाय. इकडं सुईण वेगळी, गाव वेगळं, आणि तरीही लेकरू धामणखेडच्या त्या तिघांचं भावंड शोभावं असं.

शालू पायरीवर बसून बोलली. मूल असं निघाल्यावर सासरच्यांनी तोंड फिरवलं होतं, गावात कुणाला सांगू नका म्हणून बजावलं होतं. नवरा मात्र दर बाजाराला चोरून भेटायला यायचा. हे सांगताना ती जरा लाजली. शेषरावांनी तिची प्रकृती विचारली. तिला स्वतःला काहीच झालं नव्हतं, एवढंच की मूल पोटात असताना बोटांच्या टोकांना आणि ओठांना मुंग्या यायच्या. अशक्तपणा असेल म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.

शेषरावांना आठवलं. किसनरावाची बायकोही बोलता बोलता म्हणाली होती, की तेव्हा हातातून सुई निसटायची.

परतीच्या गाडीत त्यांनी मनाशी मांडणी केली. जे काही झालं ते जन्मताना झालं नाही. शालू सातव्या महिन्यात धामणखेडहून निघाली, म्हणजे त्याआधीच, पोटातच काहीतरी घडलं होतं. भागीरथेचे हात मोकळे झाले. आता प्रश्न आणखी अवघड झाला होता. आईला धक्का न लावता तिच्या पोटातल्या लेकराला गाठणारी अशी कोणती गोष्ट असते?

४

अकोल्याला लहान मुलांचे एक डॉक्टर होते, केशवराव. दवाखान्यात गर्दी असो वा नसो, हा माणूस प्रत्येक मुलाशी बाहुलीच्या आवाजात बोलायचा. शेषरावांनी चारही आयांना आणि लेकरांना त्यांच्याकडं नेलं. मूल झाल्यापासून शालू पहिल्यांदाच गावच्या बायांना भेटली. तिचं मूल पाहून किसनरावाच्या बायकोनं सरकून तिला बाकावर जागा दिली.

डॉक्टरांनी प्रत्येक लेकराचं डोकं मापलं, डोळ्यांपुढून खेळण्यातली चिमणी फिरवली, गुडघ्यांवर टिचकी मारली. मग आयांना एक एक बटण लावायला सांगितलं. दोघींना ते पटकन जमेना. डॉक्टरांचा बाहुलीचा आवाज थांबला.

ते शेषरावांना आत घेऊन गेले आणि म्हणाले, “डोकं दाबून असं होत नाही. हे आत, घडताना झालंय. मेंदू तयार होत असतो तेव्हा त्याचे कण आपापल्या जागेवर जाऊन बसत असतात, लग्नाच्या पंगतीसारखे. या मुलांच्या बाबतीत पंगत बसायच्या आधीच कुणीतरी दिवे घालवले.”

मग त्यांनी जपानातल्या एका खाडीकाठच्या गावाची हकिकत सांगितली. तिथं कारखान्याचं पाणी समुद्रात जाई, मासे विषारी झाले होते, आणि ते मासे खाणाऱ्या बायकांना अशीच मुलं झाली. आया स्वतः बऱ्याचशा बऱ्या. हे विष नाळेतून पलीकडं जातं आणि आईपेक्षा लेकराच्या अंगात जास्त साठतं. त्याचा सगळा मार कोवळ्या मेंदूवर. डॉक्टरांनी हे वाचलं होतं, पण डोळ्यांनी पाहायची वेळ वऱ्हाडात येईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

शेषराव म्हणाले, की आमच्या गावात मासे कुठले, नदीला पाणीच नाही. ते विष तरी कोणतं?

“पारा,” डॉक्टर म्हणाले. “पोटुशीच्या तोंडात पारा कुठून गेला, ते तुम्ही शोधा. वैद्यांच्या काही भस्मांत असतो.”

शेषरावांच्या डोळ्यांपुढं पांढऱ्या मिशांचा जानराव उभा राहिला, डोळे मिटून गुरूची आण घेणारा, आणि त्यानं गावातल्या प्रत्येक पोटुशीच्या हातावर ठेवलेली ती पुडी.

५

जानरावाला त्यांनी त्याच्याच घरी गाठलं. भिंतीवरच्या फळीवर बाटल्यांची रांग होती, त्यात एकीवर ठळक अक्षरांत ‘पारद भस्म’ लिहिलेलं. शेषरावांनी बाटली खाली काढली आणि काय घडलंय ते सरळ सांगून टाकलं. या पुडीत पारा असेल, तर चार मुलांचं आयुष्य तुमच्या गळ्यात आहे.

जानरावाचा टिळा घामानं पसरला. मग उठून त्यानं दार लावलं आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाला, “सायब, पारा किती महाग असते माहीत हाय का तुमाले? ते गेरू हाय. अन् थोडी विटेची भुकटी.”

विषाच्या आरोपातून सुटण्यासाठी बिचाऱ्याला आपण लबाड आहोत हे कबूल करावं लागत होतं, आणि दोन्हींतलं जास्त वाईट कोणतं हे त्याचं त्यालाच ठरवता येत नव्हतं. गावाला सांगू नका म्हणून त्यानं हात जोडले. शेषरावांनी हसू दाबत पुडी खिशात टाकली, पण नुसत्या शब्दावर सोडायला ते तयार नव्हते. ते थेट बौद्ध वस्तीत ललिताकडं गेले.

ललिताचा नवरा रस्त्याच्या कामावर मजुरीला जायचा. तिची मुलगी त्याच वर्षीची, आणि फौजदार बसले तेवढ्या वेळात तिनं त्यांच्या टोपीवर दोनदा झडप घातली. ललितानं सांगितलं, की जानरावाची पुडी तिनंही खाल्ली होती, नऊही महिने. म्हणजे पुडी निर्दोष. शेषराव खूश झाले आणि खट्टूही झाले.

मग त्यांनी त्यांचा नेहमीचा प्रश्न विचारला. पोटुशी असताना काय काय खाल्लंस? ती हसली. लाल भाकर, अंबाडीची भाजी, कधी बेसन. गावातल्या बायांसारखी चैन आपली कुठली, असं म्हणाली. कोणती चैन, हे त्यांनी विचारलं.

“गव्हाची पोळी,” ललिता म्हणाली. “पार्वताबाई साऱ्या पोटुशा बायांची गव्हानं ओटी भरते. मंग बाळंत होईपर्यंत गहू धाडत राहते. मले बी बोलावलं होतं. पन आमी दीक्षा घेतली तवापासून ओटी नाई भरून घेत, अन् कोनाचं वाढलेलं बी नाई घेत. वस्तीतल्या एकीनं बी नाई घेतला.”

शेषराव उठून उभे राहिले. वस्तीतली सगळी मुलं धडधाकट का, याचं उत्तर त्यांना मिळालं होतं. गावानं ज्या गोष्टीला भागीरथेविरुद्धचा पुरावा मानलं, तीच गोष्ट खऱ्या वाटेवर बोट दाखवत होती. आता गावात सध्या कुणाला दिवस आहेत का, एवढंच त्यांनी विचारलं.

“किसनरावाच्या भावाची बायको,” ललिता म्हणाली. “वच्छला. परवाच ओटी भरली तिची.”

६

वच्छला चुलीपुढं बसून पोळी लाटत होती. ताटात एक भाजलेली पोळी, तिच्यावर गूळ. तिसराच महिना, पण चेहऱ्यावर तेज आलेलं. फौजदार घरात शिरले आणि त्यांनी ती पोळी उचलून बाजूला ठेवली, तेव्हा ती बावरली. किसनराव खवळून पुढं आला. शेषरावांनी त्याला गव्हाची टोपली घेऊन अंगणात यायला सांगितलं.

उन्हात त्यांनी मूठभर गहू पसरला. दाणे धुतल्यासारखे स्वच्छ. किसनरावाला त्यात काही वावगं दिसेना. शेषरावांनी एक दाणा उलटा केला. गव्हाच्या पोटाला जी चीर असते तिच्या तळाशी बारीक गुलाबी रेघ होती. दुसऱ्या दाण्यातही, तिसऱ्यातही.

पोळ्या घरात कोण कोण खायचं, हे त्यांनी विचारलं. किसनराव म्हणाला, की फक्त पोटुशी बाई. दुष्काळात गहू मिळतो कुठं, म्हणून घरचे सगळे तो तिच्यासाठी राखायचे. इंदूच्या वेळी त्याची बायको त्याला अर्धी पोळी देऊ करायची आणि तो नको म्हणायचा, लेकराला लागेल म्हणून. हे बोलता बोलताच त्याला सगळं समजलं. तो तिथंच मातीत खाली बसला.

शेषराव त्याच्याशेजारी बसले. वच्छलाच्या पोटात यापुढं त्या गव्हाचा एक दाणाही जाऊ नये, आणि उद्यापर्यंत कुणाला चकार शब्द बोलू नये, एवढं वचन त्यांनी घेतलं. किसनरावानं भागीरथेबद्दल काही बोलायला तोंड उघडलं. शेषरावांनी ते त्याला तिच्यापुढंच बोलायला सांगितलं.

तो गहू त्यांनी अकोल्याला शेती खात्याच्या अधिकाऱ्याला दाखवला. त्यानं एका नजरेत ओळखलं. हा खाण्याचा गहूच नव्हे, हे पेरणीचं बियाणं. कीड-बुरशी लागू नये म्हणून त्याला पाऱ्याचं औषध चोळतात, आणि कुणी खाऊ नये म्हणून गुलाबी रंग देतात. पाण्यानं रंग जातो, औषध जात नाही. बियाणं वाटताना प्रत्येक शेतकऱ्याला हे ओरडून सांगितलेलं असतं. धामणखेडला ते कुणी नेलं, हे विचारायची गरज नव्हती. नवं बियाणं आधी कुणाच्या घरी जातं ते सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं.

म्हणजे विष खुशालरावांच्या वाड्यातून निघालं होतं, एवढं नक्की. पण त्या घरात गव्हाशी संबंध येणारी तीन माणसं होती. बियाणं आणणारे खुशालराव, ओटी भरणारी पार्वताबाई, आणि टोपली भरून आणणारा गोवर्धन. यांतल्या एकाला माहीत होतं. कुणाला?

७

दुसऱ्या दिवशी भर दुपारी खुशालरावांच्या सोप्यात पंगत बसली. फौजदारांनीच मागणी केली होती. वहिनींच्या ओटीच्या गव्हाची फार कीर्ती ऐकली, आम्हालाही त्याच्या पोळ्या चाखू द्या. पार्वताबाईंना आनंद झाला. गोवर्धननं भरलेली गव्हाची टोपली फौजदारांनी सकाळीच स्वतःच्या हातानं दळायला आत पोचवली. पानावर खुशालराव, जानराव, किसनराव, गोवर्धन आणि स्वतः शेषराव. दाराशी एक शिपाई.

पोळ्या आल्या, तूप आलं, गूळ आला. शेषरावांनी सर्वांना ऐकू जाईल असं सांगितलं, की या पोळ्या त्याच गव्हाच्या, जो गावच्या पोटुशांना जातो. खुशालरावांनी पहिलाच घास मोठा घेतला. जानराव तर बोलतही नव्हता, एकामागून एक संपवत होता. पार्वताबाईंनी वाढता वाढता एक तुकडा मोडून तोंडात टाकला आणि मीठ बरोबर पडलंय म्हणाल्या.

गोवर्धन मात्र पानावरचा गूळ चाटत बसला होता. शेषरावांनी आग्रह केला. तो म्हणाला, की आज त्याचा उपास आहे. मग शेषरावांनी पार्वताबाईंना सांगून त्याला चार पोळ्या घरी न्यायला बांधून दिल्या, बायकापोरांसाठी. त्याला नाही म्हणता आलं नाही. बाकीचे जेवत असतानाच तो मागच्या दारानं गेला, आणि थोड्याच वेळात शिपाई त्याला दंडाला धरून परत घेऊन आला. चारही पोळ्या त्यानं उकिरड्यात पुरल्या होत्या.

“हा गहू खाण्याचा नाही,” शेषराव म्हणाले. “हे विष चोळलेलं बियाणं आहे. या घरात ते एकालाच ठाऊक होतं.”

खुशालरावांचा हात ताटातच राहिला. जानराव पोट धरून उभा राहिला. शेषरावांनी घाईनं खुलासा केला, की आजचा गहू बायकोच्या डब्यातला आहे, टोपली आपण वाटेतच बदलली, सगळ्यांनी निवांत ढेकर द्यावा. किसनराव एवढ्या दुःखातही हसला, कारण जानराव पुन्हा पानावर बसला होता.

मग सगळी हकिकत बाहेर आली. पासष्टला विहिरी आटल्या, गहू पेरलाच नाही, बियाण्याची पोती तशीच राहिली. खुशालरावांनी गोवर्धनला ती पुरून टाकायला सांगितली. पार्वताबाईंचा नवस होता. मुलगा फार उशिरा झाला, तेव्हापासून त्या गावातल्या प्रत्येक पोटुशीला गहू देत. त्यासाठी चांगल्या गव्हाची कणगी वेगळी राखलेली असे. दुष्काळात तो गहू सोन्याच्या भावानं जात होता. गोवर्धननं कणगीतला गहू अकोल्याला विकला, आणि मळ्यातल्या बैलांच्या हौदात बियाणं धुऊन धुऊन पांढरं केलं. हौदाच्या दगडावर अजून गुलाबी झाक होती. ती शेषरावांनी आदल्याच दिवशी पाहिली होती. ती पाहून धुणारा घरातलाच आहे हे कळलं, पण कोण ते कळलं पोळीवरून. खुशालरावांना माहीत असतं तर त्यांनी घास घेतला नसता. पार्वताबाईंना माहीत असतं तर तुकडा मोडला नसता.

गोवर्धन रडू लागला. कुणाचं वाईट करायचं मनात नव्हतं म्हणाला. “आधी कोंबड्याइले टाकून पाह्यलं, सायब. एक बी मेली नाई. मले वाटलं, धुतल्यावर जहर निघून गेलं.”

“मग पोळी काहून नाई खाल्ली?” शेषराव म्हणाले.

पार्वताबाई इतका वेळ खांबाला धरून उभ्या होत्या. त्या आत गेल्या.

८

भागीरथेला आणायला किसनराव स्वतः गाडी घेऊन बार्शीटाकळीला गेला. तो काय बोलला ते शेषरावांनी ऐकलं नाही, मुद्दामच ते बाहेर उभे राहिले. परत जाताना म्हातारी गाडीत पुढच्या बाजूला बसली होती, आणि किसनराव तिला बैलाचे गुण सांगत होता.

गोवर्धन शिक्षेला गेला. शालूला तिचा नवरा हिवरखेडहून घेऊन आला, या वेळी उजळ माथ्यानं. वच्छलाची डॉक्टरांना धाकधूक होती, पण थोड्याच पोळ्या पोटात गेल्या होत्या. श्रावणात तिला मुलगा झाला, भागीरथेच्याच हातून. तीन-चार महिन्यांत तो आवाजाकडं मान वळवू लागला, आणि डॉक्टर केशवराव पहिल्यांदा हुश्श म्हणाले.

त्या चार लेकरांबद्दल डॉक्टरांनी खोटी आशा दाखवली नाही. जे घडायचं राहिलं ते परत घडणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण जे आहे ते निजवून ठेवलं तर तेही जाईल. रोज हातपाय हलवून घ्यायचे, तेल लावायचं, बोलत राहायचं, बसवून पाहायचं.

पार्वताबाई कित्येक दिवस घराबाहेर पडल्या नव्हत्या. एके सकाळी त्या चारही घरी गेल्या. माफी मागून त्या म्हणाल्या, की लेकरं माझ्या सोप्यात आणत जा. त्या दिवसापासून रोज तिथं सतरंजी पसरली जाऊ लागली. चोळायला मात्र कुणाचे हात हवेत, यावर चौघी आयांना आपसात बोलण्याची गरजच पडली नाही. त्यांनी भागीरथेला बोलावलं. पार्वताबाई तेल कोमट करून देत, भागीरथा पाय पसरून बसे, आणि एकेक लेकरू तिच्या पायांवर येई. चोळता चोळता ती त्यांना गावातल्या सगळ्यांच्या जन्माच्या गोष्टी सांगायची. कोण पायाळू होता, कोण दोन दिवस आलाच नाही. जानराव कसा जन्मला ते ऐकायला तर मोठी माणसंही जमत.

पुढच्या उन्हाळ्यात शेषरावांची अमरावतीला बदली झाली. निघण्याआधी ते धामणखेडला निरोप घ्यायला गेले. पार्वताबाईंनी त्यांना आंब्याचा रस दिला. सोप्यात नेहमीची गडबड चालली होती. भागीरथेनं इंदूचं चोळून झाल्यावर तिला सतरंजीवर बसवलं, पाठीशी उशी लावली, आणि शालूच्या मुलाला पायावर घेतलं. किसनराव दारात उभा होता.

उशी घसरली. इंदू डुलली, एकदा पुढं, एकदा मागं. तिची आई धावली. शेषरावांनीही हातातला पेला खाली ठेवला.

इंदू पडली नाही. दोन्ही मुठी सतरंजीवर टेकवून, मान थरथरत का होईना वर धरून, ती बसून राहिली आणि समोरच्या उन्हाकडं पाहू लागली. तिच्याभोवती सगळ्यांचे हात सावरायला पुढं झाले होते.

शालूच्या लेकराला तेल चोळता चोळता भागीरथा म्हणाली, “ऱ्हाऊ द्या. आता कोनी हात लावू नका तिले.”